भायखळ्याच्या तुरुंगातले स्वयंसेवक

 

गेल्या आठवड्यात आमच्या मजल्यावरच्या काकूंनी मला जिन्यातच गाठलं. हातात एक छापील कागद. कुठल्याशा दवाखान्याबाहेर वाटत होते म्हणे. मधुमेहावरच्या नव्या औषधाची चाचणी आहे, माणसं हवीत, तपासण्या फुकट, येण्याजाण्याचा खर्च मिळेल. काकू म्हणाल्या, "तू या लाइनीत होतास ना रे? मग सांग, जाऊ की नको?"

होतो खरा. सात वर्षं मी औषधांच्या चाचण्यांमध्ये फील्डवर काम केलं. म्हणजे काय, तर चाळीचाळीतून हिंडून माणसं गोळा करायची, आणि एकदा आलेली माणसं शेवटपर्यंत टिकवायची. पहिलं काम अवघड वाटतं, पण दुसरं त्याच्या दहापट अवघड. तरी काकूंना जिन्यात उभ्याउभ्या उत्तर देता आलं नाही. कारण हा प्रश्न आपल्या या भागात सव्वाशे वर्षांपूर्वी पहिल्यांदा विचारला गेलाय, आणि तेव्हा ज्यांना विचारला त्यांना 'नको' म्हणून घरी जायची सोयच नव्हती.

सन १८९६. सप्टेंबरात मांडवीला गाठीचा ताप निघाला. हा प्लेग आहे असं डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी स्पष्ट सांगितलं. (मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे. आपण रोज त्याला वळसा घालून जातो.) सरकारने घरं धुवायला, माणसं उचलून इस्पितळात न्यायला सुरुवात केली. इस्पितळात नेलेला माणूस बहुधा परत येत नसे, त्यामुळे लोकांनी त्याचा सरळ अर्थ लावला: तिथे मारतात. माणसाला टांगून त्याच्यातून 'मोमियाई' काढतात अशी बोलवा पसरली. २९ ऑक्टोबरला हजारभर गिरणी कामगार आर्थर रोडच्या हॉस्पिटलवर चालून गेले. तेच, ज्याला आज आपण कस्तुरबा म्हणतो. आपले पणजोबा अडाणी होते म्हणून हे झालं असं म्हणणं फार सोपं आहे. मी तसं म्हणणार नाही. ज्या सरकारशी त्यांचा संबंध फक्त दंडुक्यापुरता आला होता, तेच सरकार आता दारात येऊन 'तुमच्या भल्यासाठी' म्हणत होतं. पुढच्या जूनमध्ये पुण्यात रँडचं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे.

त्याच ऑक्टोबरमध्ये सरकारने वाल्डेमार हाफकिनला मुंबईला बोलावून घेतलं. ओडेसात जन्मलेला ज्यू माणूस, पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेला. ग्रँट मेडिकल कॉलेजात, म्हणजे आपल्या जे.जे.च्या आवारात, त्याला एक खोली आणि एक व्हरांडा मिळाला. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. तेवढ्यावर तीन महिन्यांत त्याने प्लेगची लस उभी केली. मटणाच्या रश्शासारख्या द्रवात जंतू वाढवायचे, वर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे म्हणजे जंतू त्याला लोंबून झुपक्यांनी वाढतात, मग ते तापवून मारायचे आणि टोचायचे. मांस बकऱ्याचं वापरायचं असं ठरलं, कारण गायीचं किंवा डुकराचं म्हटलं असतं तर एकाही माणसाने दंड पुढे केला नसता. हाफकिनला हे कळत होतं. औषधात काय आहे हा प्रश्न माणूस आधी विचारतो. ते लागू पडतं का, हे त्याच्या मनात नंतर येतं.

कारण याआधी १८९४ मध्ये कलकत्त्यात कॉलऱ्याच्या लशीच्या वेळी त्याने धडा घेतला होता. काट्टाल बागान नावाच्या वस्तीत तो गेला तेव्हा जमावाने दगडफेक केली. सांगतात की तेव्हा हाफकिनने सदरा वर करून सगळ्यांसमोर सोबतच्या डॉक्टरकडून स्वतःला टोचून घेतलं. वस्तीतल्या सुमारे २०० पैकी ११६ लोक टोचून घ्यायला तयार झाले.

मुंबईतही त्याने सुरुवात स्वतःपासून केली. १० जानेवारी १८९७ ला त्याने १० सी.सी. लस टोचून घेतली, पुढे लोकांना देत त्याच्या कितीतरी जास्त. ताप आला, जागा सुजली, दुखली, आणि तो बरा झाला. त्यानंतर कॉलेजातली आणि शहरातली काही शिकलेली मंडळी पुढे आली. पण मूठभर डॉक्टरांवरून लस चालते की नाही हे कसं ठरणार? टोचलेले आणि न टोचलेले एकाच ठिकाणी, एकच अन्न खाऊन, एकाच साथीत राहायला हवेत. तरच फरक कळणार. अशी माणसं शहरात कुठे मिळणार? शहर तर रिकामं होत होतं. बोटीने, रेल्वेने, पायी, जमेल तसे लोक कोकणात, देशावर, गुजरातेत पळत होते.

अशी माणसं एकाच ठिकाणी होती.

जानेवारीच्या अखेरीस भायखळ्याच्या 'हाउस ऑफ करेक्शन'मध्ये, म्हणजे तुरुंगात, प्लेग शिरला. ३० जानेवारीला कैद्यांना विचारण्यात आलं, कोण तयार आहे? सुमारे निम्मे पुढे आले. पुस्तकांतून त्यांना 'व्हॉलंटियर' म्हटलंय. पुढच्या काही दिवसांत न टोचलेल्यांतले १२ आजारी पडले आणि त्यातले सहा दगावले. (काही ठिकाणी सात असा आकडा सापडतो.) टोचलेल्यांतले दोघे आजारी पडले आणि दोघेही वाचले. ज्यांना टोचलं त्याच दिवशी आजार उघड झाला, त्यांना आधीच लागण झालेली होती असं धरून हिशेबाबाहेर ठेवलं.

आकडे छोटे, पण बोलके. साधारण वर्षभराने उमरखाडीच्या तुरुंगातही असंच झालं. पुन्हा निम्म्यांना टोचलं, पुन्हा टोचलेले वाचले. उमरखाडी म्हणजे डोंगरीचा तुरुंग. १८८२ साली टिळक आणि आगरकर १०१ दिवस होते तोच. आणि कॉलऱ्याच्या वेळीही गयेच्या तुरुंगात हाच प्रयोग झाला होता, म्हणजे हा योगायोग नव्हे.

माझं घोडं इथे अडतं. हाफकिनला मी खलनायक करणार नाही. स्वतःच्या अंगावर आधी प्रयोग करणारा माणूस तो, आणि त्याच्या लशीने पुढे अगणित माणसं वाचवली. कैद्यांना निदान विचारलं होतं आणि निम्मे 'नाही' म्हणाले होते, म्हणजे नाही म्हणता येत होतं. तरी पण. शेजारच्या बराकीत माणसं मरतायत, दाराला कुलूप, बाहेर पडता येत नाही, आणि सुई घेतलेला साहेब विचारतो, तयार आहेस का? त्या 'हो'ला किती वजन द्यायचं?

आणि दुसरी गोष्ट, जी मला फील्डवर काम केल्यामुळे दिसते. भायखळ्याच्या हिशेबात हरवलेला माणूस एकही नाही. कोणी गावाला गेला नाही, कोणी खोली बदलली नाही, कोणाच्या नवऱ्याने 'पुरे झालं' म्हटलं नाही. आमच्या धंद्यात याला 'रिटेन्शन' म्हणतात, आणि शंभर टक्के रिटेन्शन मी आयुष्यात कधी पाहिलं नाही. ते तुरुंगातच मिळतं.

जरा माझ्या वहीत डोकवा.

आमची एक चाचणी दोन वर्षांची होती. रोज गोळी, दर तीन महिन्यांनी सेंटरवर येऊन रक्त द्यायचं. पहिल्या तीन महिन्यांत आमचं टार्गेट पूर्ण झालं, पेढे वाटले. मग गळती सुरू. वरून आलेल्या वेळापत्रकात तिसरी व्हिजिट नेमकी भाद्रपदात होती. ज्याने ते बनवलं त्याला परळ-लालबागची बाई भाद्रपदात कुठे असते हे माहीतच नव्हतं! निम्मी माणसं कोकणात. दुसरी अडचण वेळेची. सेंटर सकाळी नऊला उघडणार, उपाशीपोटी या म्हणणार. आणि चाळीत पाणी येतं सकाळी, पोरांची शाळा सकाळी, कामाला निघायचं सकाळी. येण्याजाण्याचे पैसे मिळायचे, पण बुडालेल्या खाड्याचे नाही. आणि सगळ्यात मोठी तक्रार मला प्रत्येक दारात ऐकू यायची: "रक्त नेलंत, रिपोर्ट कुठाय?" रिपोर्ट द्यायचे नाहीत असं कोणी सांगितलं नव्हतं. द्यायचे असंही कोणाच्या डोक्यात नव्हतं.

त्यात एक मावशी होत्या. घरकाम करायच्या. पाच महिने नेमाने आल्या. मग त्यांचे पाय सुजायला लागले. त्या सेंटरवर आल्या, तिथे डॉक्टर नव्हते, आणि काउंटरवर त्यांना सांगितलं गेलं की पुढच्या व्हिजिटला बोला. पुढची व्हिजिट दोन महिन्यांनी. त्यांनी गोळ्या बंद केल्या आणि यायचंही बंद केलं. मी दोनदा घरी गेलो, कुलूप. तिसऱ्यांदा शेजारणीने सांगितलं की त्या दोन गल्ल्या पलीकडे लेकीकडे राहायला गेल्यात. सायंकाळचे सात वाजले होते, पाऊस होता, आणि माझ्या यादीत अजून चार घरं होती. मी गेलो नाही. रजिस्टरमध्ये कारणाच्या रकान्यात लिहिलं: 'स्थलांतर, संपर्क नाही.'

पायाच्या सुजेचं काय? ते कुठेच लिहिलं गेलं नाही. त्यांची सूज गोळीमुळे होती की वयामुळे, मला आजही ठाऊक नाही. पण मुद्दा लक्षात घ्या. चाचणीतून जे निघून जातात ते उगाच निघून जात नाहीत. बऱ्याचदा ज्यांना त्रास झाला तेच जातात. उरतात ते ज्यांना सोसलं ते. मग शेवटी हिशेब मांडला की औषध छान सोसतं असं दिसणारच. माझ्या त्या तीन शब्दांनी त्या कागदात किती खोट मिसळली असेल, याचा विचार मी नोकरी सोडल्यानंतर केला, नोकरीत असताना नाही.

आता परत १८९८ कडे जाऊ, कारण तुरुंगाबाहेर हाफकिनने काय केलं ते जास्त शिकण्यासारखं आहे.

बडोदा संस्थानात उंधेरा नावाचं एक गाव. फेब्रुवारी १८९८ मध्ये तिथे प्लेग होता. हाफकिनने एकेक कुटुंब समोर उभं करून कुटुंबातल्या निम्म्या माणसांना टोचलं. एकाच छपराखाली अर्धे टोचलेले, अर्धे न टोचलेले. शास्त्राच्या दृष्टीने यापेक्षा स्वच्छ तुलना त्या काळात क्वचितच झाली असेल. साधारण सहा आठवड्यांनी पाहणी करणारी मंडळी गावात परत आली आणि घरोघर जाऊन कोण आजारी पडलं, कोण गेलं, याची नोंद घेतली. ज्या २८ घरांत प्लेग शिरला, तिथे टोचलेल्या ७१ माणसांतली तीन गेली. न टोचलेल्या ६४ माणसांतली २६ गेली.

सव्वीस. मी हा आकडा वाचला तेव्हा मला आधी ते अंगण दिसलं. आई टोचलेली, बाप नाही. थोरला टोचलेला, धाकटा नाही. कोणी ठरवलं, या घरात कोण कुठल्या बाजूला? आजच्या नियमात हे बसलं नसतं, आणि बसू नये.

तरी उंधेऱ्यात एक गोष्ट होती जी माझ्या चाचणीत नव्हती. माणसं परत गेली. प्रत्येक घरी गेली आणि विचारलं.

मुंबई शहरात लोकांनी लस घ्यायला सुरुवात केली ती या आकड्यांमुळे नव्हे, हेही सांगितलं पाहिजे. तिसरे आगाखान तेव्हा विशीतले तरुण होते. त्यांनी चारचौघांत स्वतःला टोचून घेतलं, एकदा नव्हे तर पुन्हापुन्हा, आणि आपली 'खुश्रू लॉज' ही वास्तू हाफकिनच्या प्रयोगशाळेला दिली. त्यांच्यामागे हजारो खोजांनी लस घेतली. माणूस आकड्याला दंड देत नाही, ओळखीच्या माणसाला देतो. सरकारने मात्र दुसरा रस्ताही वापरला: टोचल्याचा दाखला असेल तर प्लेगच्या काही जाचक बंधनांतून सूट. म्हणजे हौसेने टोचून घेतलं की छावणीत डांबून घेण्यापेक्षा सुई बरी म्हणून, हे दाखल्यावरून कळायला मार्ग नाही. भायखळ्याचं कुलूप थोडं सैल झालं होतं, एवढंच.

१८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. १९२५ पासून तिला हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणतात. पण त्याआधी १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी एका बाटलीतून टोचलेली १९ माणसं धनुर्वाताने मेली. दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर, म्हणजे हाफकिनवर आला. त्याला बाजूला केलं गेलं. बाटली गावात उघडताना चूक झाली असण्याची शक्यता जास्त होती हे मान्य व्हायला आणि रोनाल्ड रॉससारख्यांनी जाहीरपणे बाजू घ्यायला १९०७ उजाडलं. तोवर हाफकिन मनाने मोडला होता. त्या १९ जणांच्या घरच्यांना कोणी काय दिलं, हे मात्र मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही. हाफकिनच्या अन्यायावर पानंच्या पानं आहेत.

माणसं टिकवायची कशी, हे या देशात कोणी नीट करून दाखवलं असेल तर ते मद्रासने. १९५६ मध्ये तिथे टीबीच्या औषधांचं एक केंद्र सुरू झालं. तेव्हा समज असा की टीबी झाला की सॅनेटोरियम, मोकळी हवा, दूध-अंडी, सक्तीची विश्रांती. ते परवडणारे किती? मद्रासच्या डॉक्टरांनी गरीब, दाटीवाटीच्या वस्त्यांतले रुग्ण घेतले आणि चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. अर्धे सॅनेटोरियमात, अर्धे स्वतःच्या खोलीत. औषध दोघांना तेच, वर्षभर.

घरच्या गटातला माणूस वर्षभर गोळ्या घेईल याची खात्री काय? बरं वाटलं की माणूस गोळी सोडतो, आपण सगळेच सोडतो. त्यामुळे केंद्राची माणसं घरी जात. कधी न सांगता जाऊन लघवी तपासत, म्हणजे गोळी घेतली की नाही ते कळे. हे वाचून पोलिसी वाटेल. पण तीच माणसं घरात काय अडलंय तेही विचारत, घरच्यांची तपासणी करत, आणि वर्ष संपल्यावरही पुढची काही वर्षं त्या कुटुंबांच्या संपर्कात राहिली. १९५९ मध्ये निकाल आला: घरी राहिलेले जवळजवळ तितकेच बरे झाले. घरच्यांना लागण होण्याचा धोकाही त्यामुळे वाढला नव्हता. आज आपल्या चाळीतला टीबीचा रुग्ण खोलीत राहून गोळ्या घेतो आणि महिन्या-दोन महिन्यांत कामावर जातो, त्याची मुळं त्या मद्रासच्या गल्ल्यांत आहेत.

मद्रासच्या खोल्यांना कुलूप नव्हतं, कोणीही कधीही सोडून जाऊ शकत होतं. तरी माणसं टिकली, कारण कोणीतरी त्यांच्या दारात येत राहिलं.

आता नियमांचं थोडक्यात, कारण काकूंना तेही सांगायचं होतं. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चाचण्यांवरून सरकारला चांगलंच फैलावर घेतलं. त्यानंतर संमती घेतानाचं चित्रीकरण आलं (सगळ्या चाचण्यांना ते लागू नाही), आणि २०१९ मध्ये नवे नियम आले. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार फुकट, आणि नुकसानभरपाई. चाचणी सरकारी नोंदवहीत नोंदलेली हवी, नैतिकता समितीची मंजुरी हवी. कारण न देता केव्हाही सोडता येतं, आणि सोडलं म्हणून तुमचे नेहमीचे उपचार कोणी बंद करू शकत नाही. कागदावर हे सगळं चांगलं आहे. माझ्या मावशींच्या कागदावरही 'त्रास झाल्यास त्वरित संपर्क साधावा' असं लिहिलेलं होतं. त्यांनी साधला होता.

शनिवारी मी काकूंबरोबर त्या दवाखान्यात गेलो. समोर एक पोरगी होती, पंचविशीची, नीटनेटकी, घाईत. तिने संमतीपत्र पुढे केलं, बारा पानी. काकू म्हणाल्या, "वाचून दाखव." मी मध्ये बोलणार होतो, पण गप्प बसलो. पोरीने वाचून दाखवलं, सगळं. मग काकूंनी विचारलं की रात्री बेरात्री चक्कर आली तर फोन कोण उचलणार, आणि त्याचं नाव काय. नंबर होता, नाव नव्हतं. पोरीने आत जाऊन विचारून आणलं आणि पेनने लिहिलं. मग काकूंनी विचारलं रिपोर्ट मला मिळणार का. मिळणार. आणि साखरेची चालू असलेली गोळी बंद करायची का? त्यावर ती म्हणाली की ते डॉक्टरच सांगतील, आणि डॉक्टरांना बोलावून आणलं. मला ती पोरगी आवडली. मी त्या खुर्चीत असतो तर दुसऱ्या प्रश्नालाच वैतागलो असतो.

काकूंनी सही केली नाही. मुलाला विचारते म्हणाल्या, कागद घरी नेला. निघताना दारात थांबून त्यांनी मागे वळून विचारलं, "आणि गौरी-गणपतीत मी महिनाभर गावाला असते हो, तेव्हा तुमचं रक्त कोण घेणार?"

पोरीने वेळापत्रक उलगडलं, बोट फिरवलं, आणि बराच वेळ काही बोललीच नाही.